खाटेपाशी लिहिलेलं विज्ञान

कोकणात मे महिना म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची घाई. लाकूडफाटा, गोवऱ्या, पेंढा सगळं एकदाच हलवलं जातं आणि त्याच दिवसांत विंचू जास्त चावतात. लोक घाबरतात ते मोठ्या काळ्या इंगळीला. पण तिचा डंख कितीही झोंबला तरी सहसा जिवावर बेतत नाही. जीव घेतो तो बोटाएवढा तांबडा विंचू. आठ-दहा वर्षांचं पोर फाट्यात हात घालतं, डंख बसतो, किंकाळी फुटते. थोड्या वेळाने दुखण्याची तक्रार मागे पडते आणि पोर घामाने निथळायला लागतं. आई पदराने पुसते, पुन्हा घाम. उलट्या सुरू होतात, तोंडाला लाळ सुटते, हातपाय गार पडतात. मुलगा असेल तर लिंग ताठर होतं आणि तसंच राहतं. नाडी धावू लागते, रक्तदाब चढतो. काही तासांनी खोकला येतो, श्वास लागतो आणि तोंडावाटे गुलाबी फेस येऊ लागतो. फुप्फुसात पाणी भरलेलं असतं.

पन्नास वर्षांपूर्वी रायगड-रत्नागिरीच्या गावांत अशा पोराला आधी विंचू उतरवणाऱ्याकडे नेत. तिथे उतरला नाही की डोलीत घालून आरोग्य केंद्रात. तिथल्या डॉक्टरकडे तरी काय होतं? स्टेरॉइड, सलाईन, कधी अ‍ॅट्रोपीन, ज्याने आधीच धावणारं हृदय आणखी धावतं. फुप्फुसात पाणी भरण्यापर्यंत गेलेल्या रुग्णांपैकी पंचवीस-तीस टक्के दगावत असल्याच्या नोंदी पश्चिम भारतातून त्या काळात आल्या आहेत.

शास्त्रज्ञाच्या संशोधनाचा प्रभाव किती, हा प्रश्न मला या पोराच्या खाटेपाशी उभं राहून विचारायचा आहे. आज त्याचं उत्तर आकड्यांत दिलं जातं. शोधनिबंधाचा उल्लेख किती जणांनी केला, नियतकालिकाचा इम्पॅक्ट फॅक्टर किती, माणसाचा एच-इंडेक्स किती. या मोजणीमागे एक चित्र गृहीत धरलेलं असतं: विज्ञान वर, प्रयोगशाळेत तयार होतं आणि मग खाली, दवाखान्यात झिरपतं. वरचा शास्त्रज्ञ आणि खालचा डॉक्टर, त्याने आलेलं ज्ञान वापरायचं. हे चित्र चुकीचं आहे असं मी ठामपणे म्हणतो. रुग्णाच्या खाटेपाशी नीट नोंदवलेलं निरीक्षण हे स्वतःच विज्ञान आहे. मज्जातंतूंवर चालणाऱ्या औषधांच्या क्षेत्रात तर अनेकदा तेच आधी येतं आणि प्रयोगशाळा मागून येऊन त्याचा अर्थ लावते.

१९७६ हे साल यासाठी लक्षात ठेवण्यासारखं आहे. त्या वर्षी जर्मनीतल्या गटिंगेनमध्ये एर्विन नेहर आणि बेर्ट झाकमन यांनी बेडकाच्या स्नायूपेशीवर काचेची एक बारीक नळी टेकवली. नळीचं टोक केसाच्या जाडीपेक्षाही कितीतरी बारीक. ते पेशीपटलावर असं अलगद टेकवायचं की त्या टोकाखाली एखादंच आयन चॅनल यावं, आणि मग त्यातून जाणारा विद्युतप्रवाह मोजायचा. कागदावर रेघ उमटली ती पायरीसारखी: बंद, उघडं, पुन्हा बंद. जिवंत पेशीतल्या एका रेणूचं दार उघडताना आणि मिटताना माणसाने प्रथमच पाहिलं. १९९१ साली दोघांना नोबेल मिळालं. त्याच १९७६ साली मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले ओबेद सिद्दिकी आणि अमेरिकेतले सेमूर बेन्झर यांचा निबंध आला, तापमान वाढलं की लुळ्या पडणाऱ्या फळमाश्यांवरचा. अशा माश्यांपैकी एका वाणातला बिघाड सोडियम चॅनलच्या जनुकात आहे हे पुढे १९८९ साली उलगडलं. आणि त्याच १९७६ साली जालना जिल्ह्यातल्या गरीब शेतकरी घरातून आलेला, नागपूरला एमबीबीएस झालेला एक तरुण डॉक्टर महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाला. हिंमतराव बावस्कर त्यांचं नाव. कुलाबा आणि बिरवाडी यांच्यात एसटीचा एका दिवसाचाही प्रवास नाही. पण ही दोन जगं एकमेकांना ओळखत नव्हती.

आयन चॅनल म्हणजे काय ते थोडं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. पेशीच्या पटलात प्रथिनांची बनलेली दारं असतात. सोडियमचं दार उघडलं की सेकंदाला एक कोटीच्या घरात आयन आत घुसतील इतका त्याचा वेग असतो, पण ते उघडं राहतं सेकंदाच्या साधारण हजाराव्या भागापुरतं. मग आपोआप मिटतं. या उघडण्या-मिटण्याच्या लाटेलाच आपण मज्जातंतूतला संदेश म्हणतो. मनगट हलवणं, दात दुखणं, आईचा आवाज ओळखणं, सगळं या दारांवर चालतं. विंचवाच्या विषातले काही पदार्थ नेमकं या दाराचं मिटणं अडवतात. पायात पाचर मारल्यासारखं दार उघडं राहतं आणि मज्जातंतू थांबायचं विसरून संदेश पाठवत सुटतो. हृदय, रक्तवाहिन्या, घामाच्या ग्रंथी सांभाळणाऱ्या स्वायत्त मज्जातंतूंचं असं झालं की रक्तात अ‍ॅड्रेनॅलिनसारख्या द्रव्यांचा पूर येतो. निथळणारा घाम, गार हातपाय, चढलेला रक्तदाब या सगळ्याचं मूळ त्या अडकलेल्या दारांत आहे.

विंचवाच्या विषाचा हाच गुण प्रयोगशाळेतल्या लोकांनी हत्यार म्हणून वापरला. सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात विल्यम कॅटरॉल यांच्यापुढे अडचण अशी होती की सोडियम चॅनल आहे हे विजेच्या मोजमापावरून कळतं, पण ते प्रथिन हाती कसं लागावं? त्यांनी वाळवंटातल्या एका विंचवाचं विष किरणोत्सारी करून चेतापेशींना चिकटवलं. विष जिथे बसलं तिथे चॅनल. १९८० साली त्या खुणेच्या आधारे सोडियम चॅनलचं प्रथिन पहिल्यांदा ओळखता आलं. पुढची चार दशकं कॅटरॉल त्या एका दाराचा पिच्छा पुरवत राहिले: भूल देणारं लिडोकेन दाराच्या आत नेमकं कुठे बसतं, दाराची घडण कशी आहे, फिटच्या औषधांनी काय होतं. २०२४ साली ते गेले. दुसरे रॉडरिक मॅकिनन. हे शिकलेले डॉक्टर. बॉस्टनच्या रुग्णालयात त्यांनी रेसिडेन्सीही केली होती. मग वैद्यकी सोडून ते पोटॅशियम चॅनलच्या मागे लागले. विंचवाच्याच विषातला एक पदार्थ बाटलीच्या तोंडात बूच बसावं तसा पोटॅशियमच्या दारात बसतो. त्या बुचाला कुठे कुठे स्पर्श होतो हे शोधत मॅकिनन दाराच्या भोकापर्यंत पोचले आणि १९९८ साली त्यांनी अशा चॅनलची रचना अणूअणूपर्यंत दाखवली. २००३ साली रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता.

आपला तांबडा विंचूही या शर्यतीत मागे राहिला नाही. त्याच्या विषातून १९९० साली आयबेरियोटॉक्सिन वेगळं केलं गेलं. ३७ अमिनो आम्लांची ही छोटी साखळी पोटॅशियमच्या एका मोठ्या चॅनलचं दार बंद करते. चॅनलवर काम करणाऱ्या जगभरच्या प्रयोगशाळांत ती आज नेहमीचं साधन आहे. २००२ साली त्याच विषातून टॅमापिन निघालं, जे मेंदूतल्या पोटॅशियमच्या दुसऱ्या एका चॅनलला अचूक पकडतं. मज्जासंस्थेवर औषधं शोधणाऱ्यांना असा नेमका नेम धरणारा पदार्थ सोन्याच्या मोलाचा. त्या विंचवाचं नाव शेकडो निबंधांत आलं. तो चावला की माणसाचं काय होतं, हे मात्र त्यांतल्या फार थोड्यांचा विषय होतं. त्यात त्या संशोधकांचा दोष नाही. त्यांचा प्रश्न वेगळा होता.

बिरवाडीतला प्रश्न असा: हे पोर का मरतं, आणि मरणार आहे हे आधी कसं ओळखायचं? या प्रश्नाला त्या वेळच्या पुस्तकांत धड उत्तर नव्हतं. बावस्करांकडे साधनं म्हणजे स्टेथोस्कोप, रक्तदाबाचं यंत्र, घड्याळ आणि वही. विंचू चावलेल्या माणसाला घरी न पाठवता ठेवून घ्यायचं, रात्रभर उशाशी बसायचं, नाडी-रक्तदाब मोजत राहायचं आणि काय कधी झालं ते लिहायचं. अशा नोंदी साठत गेल्या आणि त्यांतून क्रम दिसू लागला. उलट्या, भरमसाट घाम, पुरुषांमध्ये ताठर झालेलं लिंग: ही चिन्हं आधी दिसतात, हृदयावरचा हल्ला नंतर येतो. म्हणजे हातात काही तास असतात. हे निरीक्षण १९८२ साली लंडनच्या 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं.

या नोंदींत आयन चॅनल हा शब्द नसला तरी काही बिघडत नाही. कोणत्या क्रमाने शरीर कोसळतं हे कळलं की कुठे हात घालायचा ते कळतं. रक्तदाब आधी चढतो, रक्तवाहिन्या आवळतात, मग आवळलेल्या वाहिन्यांवर जोर लावून हृदय थकतं आणि फुप्फुसात पाणी साठतं. तर मग आवळलेल्या वाहिन्या सैल केल्या तर? शिरेतून थेंबथेंब द्यायचं नायट्रोप्रुसाइड हे काम करतं, पण त्याला मिनिटामिनिटाला रक्तदाब पाहणारं माणूस हवं. खेड्यात ते कुठून आणायचं? प्राझोसिन ही उच्च रक्तदाबाची साधी गोळी. अ‍ॅड्रेनॅलिनसारखी द्रव्यं रक्तवाहिन्यांना आवळण्याचा हुकूम ज्या ग्राहींमधून देतात, ते ग्राही ती अडवते. १९८६ साली डॉ. हिंमतराव आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी 'लॅन्सेट'मध्येच प्राझोसिनचा अनुभव मांडला. पुढे प्राझोसिन रुळलं तसे हे मृत्यू काही मोजक्या टक्क्यांवर उतरले. गोळी पोटात गेली, पोराला आडवं ठेवलं, काही तासांत गार पाय ऊबदार होऊ लागले की डॉक्टरने सुस्कारा टाकावा, इतकी ती खूण खात्रीची. महाडच्या कामासाठी २०२२ साली बावस्करांना पद्मश्री मिळाली, पण माझ्या लेखी त्या पाय ऊबदार होण्याचं मोल अधिक आहे.

इथे दोन आक्षेप येतील आणि दोन्ही रास्त आहेत. पहिला: प्राझोसिन काही बिरवाडीत बनलं नाही. ते औषध कंपनीच्या प्रयोगशाळेतून आलं आणि त्यामागे १९४८ साली रेमंड अल्क्विस्ट यांनी केलेली अल्फा आणि बीटा ग्राहींची विभागणी होती. ती नसती तर वही कितीही भरली असती तरी गोळी नसती. मान्य. म्हणूनच मी प्रयोगशाळेचं महत्त्व कमी करत नाही. माझा विरोध आहे तो वर-खालीच्या उतरंडीला. अल्क्विस्ट यांचं ज्ञान महाडपर्यंत आपोआप झिरपलं नव्हतं. कोणत्या ग्राहीला अडवायचं हे ठरवायला त्या पोराच्या शरीरात काय चाललं आहे ते आधी कुणीतरी वाचावं लागलं, आणि ते वाचन सोपं नव्हतं.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. आधी इतके मरत, आता इतके मरतात, ही तुलना फसवी असू शकते. मधल्या काळात रस्ते सुधारतात, लोक लवकर येतात, सलाईन वेळेवर मिळतं. निरीक्षणाची वही स्वतःला फसवू शकते, आणि वैद्यकाच्या इतिहासात अशी फसगत पुष्कळदा झाली आहे. याचं उत्तर महाडनेच दिलं, आणि ते ज्या रीतीने दिलं त्याबद्दल मला मनापासून आदर वाटतो. प्राझोसिन रक्तवाहिन्या सैल करतं, पण रक्तातलं विष तसंच राहतं, दारांतली पाचर तशीच राहते. मुंबईच्या हाफकिनचं प्रतिविष विषालाच पकडतं. मग दोन्ही मिळून दिलं तर? बावस्करांच्या महाडच्या रुग्णालयात ७० रुग्णांवर चिठ्ठ्या टाकाव्या तशी यादृच्छिक विभागणी करून चाचणी झाली: ३५ जणांना प्राझोसिन आणि प्रतिविष, ३५ जणांना नुसतं प्राझोसिन. दहा तासांनी पूर्ण बरे झालेले पहिल्या गटात ९१.४ टक्के, दुसऱ्यात २२.९ टक्के. बरं व्हायला लागणारा सरासरी वेळ आठ तास विरुद्ध सतरा तासांहून अधिक. २०११ साली हा निबंध 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आला. ज्या गोळीवर माणसाचं नाव झालं ती एकटी पुरेशी नाही, हे त्याच माणसाने स्वतःच्या रुग्णालयात तपासून जगाला सांगितलं. संशोधकाची परीक्षा याहून कठोर कशाने घ्यावी मला माहीत नाही.

निरीक्षण आधी आणि प्रयोगशाळा मागून, हे विंचवापुरतंच आहे असंही नाही. ड्राव्हे सिंड्रोम हा लहान मुलांमधला फिटचा कठीण आजार आहे. फिट थांबवायला सोडियम चॅनल अडवणारी औषधं देतात, हा रिवाज. पण या मुलांना त्यांतलंच लॅमोट्रिजिन दिलं की काहींच्या फिट वाढतात, असं डॉक्टरांच्या ध्यानात आलं आणि १९९८ साली त्यांनी ते नोंदवलं. हे तर्काच्या अगदी उलट होतं. २००१ साली या आजाराचं मूळ सोडियम चॅनलच्याच एका जनुकात सापडलं आणि २००६ साली कॅटरॉल यांच्या प्रयोगशाळेने उंदरांवर कोडं सोडवलं. त्या जनुकाचा बिघाड मेंदूतल्या आवर घालणाऱ्या चेतापेशींना लंगडं करतो. आवर घालणारेच अशक्त झालेले असताना त्यांचं उरलंसुरलं दारही औषधाने बंद केलं, तर फिट वाढणारच. उत्तर सिएटलला मिळालं. प्रश्न मात्र कुठल्यातरी दवाखान्यात, मूल बिघडतंय हे पाहून अस्वस्थ झालेल्या कुणा डॉक्टरने विचारला होता. फेनिटॉइनचीही गोष्ट तीच. १९३८ पासून ते फिटवर वापरलं जात आहे. सोडियमच्या दारावर ते कसं काम करतं हे कळायला त्यानंतर काही दशकं जावी लागली.

मॅकिनन खाट सोडून प्रयोगशाळेत गेले, बावस्कर खाटेपाशीच राहिले, आणि दोघांपुढेही विंचवाचंच विष होतं. एकाने दाराची घडण दाखवली, दुसऱ्याने ते दार अडकलं की माणूस कसा कोसळतो ते दाखवलं. यांतला मोठा कोण हे ठरवण्यात मला रस नाही. पण पहिल्या प्रकारच्या कामासाठी आपल्याकडे संस्था आहेत, अनुदानं आहेत, निवड समित्या आहेत. दुसऱ्या प्रकारच्या कामासाठी काय आहे? वैद्यकीय महाविद्यालयातल्या अध्यापकाला बढतीसाठी शोधनिबंध लागतात, म्हणून निबंध लिहिले जातात. त्यांतले किती खऱ्या अस्वस्थतेतून लिहिले जातात हे त्या क्षेत्रातल्या कुणालाही विचारावं. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या वैद्यकीय अधिकाऱ्याकडून तर आकडे मागवतात: लसीकरण किती, बाळंतपणं किती, तक्ता भरला का. या महिन्यात तुम्ही असं काय पाहिलंत जे पुस्तकात नाही, असा रकाना त्या तक्त्यात मी कधी पाहिला नाही. तो असायला हवा. भात लावणीच्या चिखलात, उसाच्या फडात, वीटभट्टीवर जे आजार होतात त्यांचं पहिलं वर्णन तिथल्याच डॉक्टरच्या हातून व्हायला हवं. बाहेरून आलेल्या माणसाला ते दिसणारच नाही, कारण त्याच्याकडे रात्र नसते.

आणि हे लिहिलेलं वाचायला कुणीतरी हवं. कुलाबा आणि बिरवाडी यांच्यात १९७६ साली जे अंतर होतं ते आजही फारसं कमी झालेलं नाही. तांबड्या विंचवाचं विष ज्या प्रयोगशाळा वापरतात त्यांनी त्या विषाने आजारी पडलेल्या माणसाच्या नोंदी वाचाव्यात, आणि गावातल्या डॉक्टरला चॅनलचं विज्ञान त्याच्या भाषेत, मराठीत, मिळावं. या दोन गोष्टींसाठी कोट्यवधी रुपये लागत नाहीत.

वाचकांपैकी जे कोकणात, घाटाखाली, माळरानावर राहतात त्यांना एवढंच सांगायचं आहे. लाकडं, पेंढा, दगड उचलताना उघडा हात घालू नका, आधी काठीने हलवा. पादत्राणं घालण्यापूर्वी झटका. विंचू चावलेल्याला, विशेषतः मुलाला, घाम फुटला, उलट्या झाल्या, हातपाय गार पडले, तर दुखणं कमी झालं म्हणून थांबू नका आणि उतरवणाऱ्याकडे वेळ घालवू नका. तडक जवळच्या आरोग्य केंद्रात न्या. ही चिन्हं कुणीतरी रात्रभर जागून लिहून ठेवली आहेत, आणि त्यांच्यामागे हृदयावरचा हल्ला येतो, काही तासांनी.